बाहेरच्या गिलाव्यासाठी भरवशाचा ठेकेदार कसा निवडावा?

प्रश्न : आमचे देवरुखजवळ दुमजली घर आहे. कॉलम-बीमचा सांगाडा आणि मध्ये जांभ्याच्या भिंती असे बांधकाम असून बाहेरचा गिलावा १२ वर्षांपूर्वीचा आहे. गेले दोन पावसाळे पश्चिमेच्या भिंतीतून आत ओल येते आणि बाहेर तडे दिसतात. तीन ठेकेदारांकडून दर घेतले. सर्वांत स्वस्त दर देणारा निम्मी रक्कम आगाऊ मागतो, दुसरा जुन्या गिलाव्यावरच नवा थर देऊ म्हणतो आणि तिसरा बराच महाग आहे. शेजाऱ्यांचा ठेकेदार पहिला थर देऊन गेला तो परत आलाच नाही, त्यामुळे धास्ती वाटते. निवड कशी करावी, आगाऊ किती द्यावे आणि गणपती झाल्यावर लगेच काम काढावे का?
— एक वाचक, देवरुख

उत्तर : आपण तिघांचे दर कळवले आहेत, पण दर सांगण्यापूर्वी तिघांनी भिंत कशी पाहिली हे पत्रात आलेले नाही, आणि माझ्या मते निवड तिथूनच सुरू व्हायला हवी. जाणकार माणूस आधी थापीच्या दांड्याने भिंत ठोकत फिरतो. जिथे टणक आवाज येतो तिथे गिलावा भिंतीला धरून आहे आणि जिथे बद्द आवाज येतो तिथे तो सुटलेला आहे. मग तो तडे कोणत्या रेषेत गेले आहेत ते पाहतो, गच्चीच्या कठड्याचा माथा आणि पावसाळी पाइपांचे सांधे तपासतो, छज्ज्याच्या खालच्या कडेला पाणी तुटण्यासाठी खाच आहे की नाही हे बोट फिरवून बघतो. ओल पुष्कळदा याच जागांवरून येते आणि अशा वेळी गिलावा नवा केला तरी ती थांबत नाही. अंगणात उभे राहून नुसती लांबी-उंची विचारणाऱ्याला आपल्या भिंतीचे दुखणे समजलेलेच नसते.

दुसऱ्या ठेकेदाराची सूचना मला मान्य नाही. सुटलेल्या गिलाव्यावर नवा थर चढवला की त्याचे वजनही त्याच सुटलेल्या थरावर येते. एका घरी मी पाहणीला गेलो होतो, तिथे असाच वर चढवलेला थर पहिल्याच पावसाळ्यात परातीएवढ्या खपल्यांनी खाली आला होता आणि खपलीच्या मागे जुना रंग जसाच्या तसा दिसत होता. बद्द वाजणारा भाग जांभ्यापर्यंत काढणे, दर्जा (चिऱ्यांमधले सांधे) खरवडून भिंत धुणे आणि काँक्रीटला टाचे मारणे (माल धरावा म्हणून पृष्ठभाग खडबडीत करणे) ही कामे दरात आहेत का, हे तिघांनाही विचारा. तिसऱ्याचा दर याच कामांमुळे जास्त असेल, तर त्याला महाग म्हणता येणार नाही.

बीम आणि जांभा यांच्या सांध्यावर तडे आडवे, सरळ रेषेत जातात, कारण दोन्ही पदार्थ उन्हात सारखे प्रसरण पावत नाहीत. तेथे दोन्ही बाजूंना सुमारे १५० मिलिमीटर जाईल अशी कोंबडीजाळी ठोकून घ्यावी लागते. बाहेरचा गिलावा दोन थरांत, एकूण साधारण २० मिलिमीटर जाडीचा असावा. पहिला थर १२ ते १५ मिलिमीटरचा देऊन त्यावर ओरखडे काढावेत, त्याला काही दिवस पाणी मारावे आणि मगच दुसरा थर चढवावा. दोन्ही थर एकाच दिवशी उरकू असे म्हणणाऱ्याला काम देऊ नका. जांभा पाणी फार ओढतो, म्हणून तो आधी नीट भिजवला नाही तर मालातले पाणी तो शोषून घेतो आणि गिलावा भुसभुशीत राहतो.

अंदाजपत्रक तपासायला एक हिशेब उपयोगी पडेल. २० मिलिमीटर जाडी आणि सिमेंट-वाळूचे एकास चार प्रमाण धरले, तर एका ब्रासला, म्हणजे १०० चौरस फुटांना, दीड ते दोन पोती सिमेंट लागते आणि जांभा खडबडीत असेल तर थोडे जास्तच. २० ब्रास कामाला कोणी २० पोती लिहून दिली असतील, तर जाडी तरी कमी होणार किंवा सिमेंट तरी. वाळू खाडीची असेल तर धुतलेलीच घ्या, नाहीतर क्षारांमुळे भिंतीला लोणा, म्हणजे पांढरी बुकटी, फुटतो. क्रश सँड (दगड भरडून केलेली वाळू) घेणार असाल तर गिलाव्याची बारीक वाळू वेगळी मिळते, तीच मागा.

जुने काम दाखवायला सांगताना किमान दोन पावसाळे काढलेले घर दाखवा असे सांगा, कारण आपल्याकडे वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि नवा गिलावा तर सगळ्यांचाच चांगला दिसतो. त्या घरी ठेकेदाराला सोबत न नेता जा. घरमालकांना ओलीबद्दल विचाराच, पण शिमग्याला गावी गेलेले गवंडी ठरल्या दिवशी परत आले का, हेही विचारा. शेजाऱ्यांवर जी वेळ आली तिचा अंदाज या उत्तरातून येईल.

निम्मी रक्कम आगाऊ देऊ नये. परांची उभी राहिली आणि माल अंगणात पडला की १० टक्के, जुना गिलावा निघून पहिला थर पूर्ण झाल्यावर ३५, दुसरा थर होऊन परांची उतरल्यावर ४५ आणि उरलेले १० टक्के एक पावसाळा पाहून, अशी वाटणी मी सुचवतो. शेवटच्या हप्त्यावर घासाघीस होईल. तो ५ टक्क्यांवर आणावा लागला तरी चालेल, सोडू मात्र नका. हे सारे करारात लिहून घ्या. मजुरीचा दर की मालासह, खिडक्यांची वजावट कशी धरायची, किमान सात दिवस पाणी कोण मारणार आणि परांचीवरच्या कामगारांचा अपघात विमा कोणाकडे, हेही त्यात असू द्या. कामाच्या पद्धतीसाठी ‘आय.एस. १६६१’ आणि वाळूसाठी ‘आय.एस. १५४२’ या भारतीय मानकांचा उल्लेख केला की वाद उद्भवल्यास आधार राहतो. पैसे बँकेमार्फत द्या आणि बिल घ्या. वेळ आलीच तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि ठेकेदाराला दिलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर तिथे शुल्क लागत नाही.

गणपतीनंतर लगेच काम काढू नका. परतीच्या पावसाची एक जोरदार सर ताजा गिलावा धुऊन नेते. दिवाळीनंतर सुरुवात करून शिमग्यापूर्वी संपवा, पश्चिमेच्या भिंतीवर उन्हे येण्याआधी सकाळीच थर देऊन घ्या आणि रंगासाठी चार आठवडे थांबा. ठेकेदारांना भिंत दाखवण्याचे काम मात्र आत्ताच करा. ओलीचे डाग अजून ओले आहेत तोवर त्यांच्या कडा खडूने आखून, तारीख घालून फोटो काढून ठेवा आणि तिघांनाही त्याच भिंतीसमोर पुन्हा एकदा बोलवा.