खाशाबा जाधवांना अर्जुन पुरस्कार मरणोत्तरच का मिळाला?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: खाशाबांना इतका उशीर का झाला, आणि तालमीत जाणाऱ्या तुमच्या मुलासाठी पुढे अशा पुरस्काराचा अर्ज कोण करणार.

पहिल्याचं उत्तर तारखांत आहे. खाशाबांनी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीचं कांस्य जिंकलं १९५२ मध्ये. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी त्यांना तिथे पाठवायला घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, ही गोष्ट आमच्याकडे पोरासोरांनाही पाठ. पण अर्जुन पुरस्कार सुरूच झाला १९६१ मध्ये! पहिल्या मानकऱ्यांत सांगलीचे नंदू नाटेकर होते, बॅडमिंटनसाठी. खाशाबा तोवर पोलिस खात्यात नोकरीला. पुरस्कारात वजन अलीकडच्या कामगिरीला, त्यामुळे नऊ वर्षांपूर्वीचं पदक मागे पडलं ते पडलंच. १९८४ मध्ये रस्ता अपघातात ते गेले आणि २००० सालचा अर्जुन मरणोत्तर मिळाला. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणि ही गत. नियम होते, मान्य. पण नियम माणसंच करतात ना?

मुरलीकांत पेटकरांचं बघा. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आलं, १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पोहण्यात ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण. पद्मश्री २०१८ मध्ये. जीवनगौरव म्हणून अर्जुन हातात पडला जानेवारी २०२५ मध्ये, ऐंशी वर्षांचे असताना. बरं, ते हयात होते एवढंच समाधान.

आता अर्जाचं. पूर्वी सगळी भिस्त संघटनेच्या शिफारशीवर. संघटनेत तुमचं कोणी नसेल तर बसा. गेल्या काही वर्षांपासून खेळाडू स्वतः ऑनलाइन अर्ज करू शकतो. हे चांगलं झालं, पण विसरलात तर ओरडायला कोणी नाही. पॅरिस ऑलिंपिकमध्ये दोन पदकं जिंकणाऱ्या नेमबाज मनू भाकरचं नाव आधी खेलरत्न या सर्वोच्च क्रीडा पुरस्काराच्या यादीत नसल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा अर्ज भरण्यात आपल्याकडूनच चूक झाली असावी असं तिनेच लिहिलं. पुढे पुरस्कार मिळाला. ती मनू भाकर होती म्हणून गवगवा झाला. खो-खोवाल्यासाठी कोण करतंय?

मी खो-खोवालाच. राज्य स्पर्धा खेळलो, मग जिल्ह्याच्या एका पुरस्कारासाठी फाइल दिली. आठ दिवसांत परत. एका प्रमाणपत्रावर सचिवांची सही होती, शिक्का नव्हता. शिक्का मारून आणा म्हणाले. मारायचा कुठे? आईने हौसेने सगळी प्रमाणपत्रं लॅमिनेट करून आणली होती. शाई पुसून निघायची. बोटाने एकदा पुसून बघितलं, निळा डाग अंगठ्यालाच राहिला. दुसरी प्रत मिळेपर्यंत मुदत संपली.

तेव्हा मुलगा प्रमाणपत्र घेऊन आला की मैदान सोडायच्या आधी चार गोष्टी बघा: नावाचं स्पेलिंग आधारसारखंच आहे का, तारीख, वजनगट, आणि सहीवर शिक्का. निकालाचा कागद तिथेच मोबाइलवर स्कॅन करून स्वतःला मेल करा. आणि कितीही हौस असली तरी लॅमिनेशन नको, साधी प्लास्टिकची फाइल घ्या.