उपास मोडला, म्हणजे विश्वास ढळला का?

प्रश्न : पाळकसाहेब, सलाम. मी शहादा तालुक्यातली असून रोजंदारीने शेतात जाते. यंदा लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या, दिवसांत दर शुक्रवारी दिवस मावळेपर्यंत काही खायचे नाही, असा नेम मी केला होता. तिसऱ्या शुक्रवारी दादर ज्वारी कापताना भोवळ आली आणि सोबतच्या बाईने दिलेली भाकरी मी खाल्ली. ती म्हणाली, ‘‘आमच्या एकादशीला साबुदाणा तरी चालतो; तुमच्या देवाला उपाशी माणसंच आवडतात का?’’ मला उत्तर सुचले नाही. माझा विश्वास कच्चा आहे का? उपास करायचा तरी कशासाठी?

उत्तर : ताई, सलाम. भाकरी खाल्लीत हे योग्यच केलेत. एलीया संदेष्टा मरण मागत झुडपाखाली पडला होता, तेव्हा देवदूताने त्याला बोल लावला नाही. निखाऱ्यांवरची भाकर आणि पाणी उशाशी ठेवून दोनदा खाऊ घातले आणि त्या बळावर तो ४० दिवस चालला (१ राजे १९). आपल्या देवाला उपाशी माणसे आवडत नाहीत, असे त्या बाईला खुशाल सांगा.

लेंट सुरू होतो त्या राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत ४६ दिवस होतात. त्यांतले सहा रविवार पुनरुत्थानाच्या आनंदाचे म्हणून वगळले की ४० उरतात. प्रभू येशूने अरण्यात केलेल्या उपासाची ती आठवण. ते पाळण्याची आज्ञा मात्र शास्त्रात नाही, म्हणून काही मंडळ्या (चर्च) पाळतात, काही पाळत नाहीत.

उपासाचा हेतू यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या ५८व्या अध्यायात जितका उघड सांगितला आहे, तितका मला इतरत्र दिसत नाही. आम्ही उपास केला तरी तू पाहत का नाहीस, असे लोक देवाला विचारतात. आणि उत्तर येते की उपासाच्या दिवशीही तुम्ही आपल्या मजुरांना राबवून घेता. जुलमाची बंधने सोडणे आणि आपली भाकर भुकेल्याला वाटणे, हा उपास देवाला पसंत आहे. उपास देऊन देवाकडून काही विकत घेता येत नाही. पोटात भूक उठली की तिने प्रार्थनेची आठवण करून द्यावी आणि आपण सोडलेला घास दुसऱ्याच्या ताटात जावा, एवढ्यासाठी तो आहे. माझी आजी उपासाच्या दिवशीही आपल्या वाटणीचा कळणा (ज्वारी-उडदाचे पीठ) मळायची, भाकरी तव्यावरून उतरली की पदराखाली झाकून शेजारच्या एकट्या म्हातारीकडे न्यायची आणि घरी त्याविषयी अवाक्षर काढायची नाही.

राहिला विश्वासाचा प्रश्न. तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी विनंती केली आहे, असे प्रभूने आपला शिष्य पेत्र याला आधीच सांगितले होते (लूक २२), आणि तरीही त्याच रात्री पेत्राने त्याला तीनदा नाकारले. तो रडला, परत फिरला. विश्वासात दृढ राहून सैतानाशी झुंजा, हे मंडळ्यांना लिहिणारा तोच पेत्र आहे (१ पेत्र ५). तुम्ही तर प्रभूला नाकारलेही नाही, केवळ भोवळ आली म्हणून जेवलात.

येत्या शुक्रवारी कामावर जायचे असेल तर सकाळी खाऊन निघा, पाणी बरोबर ठेवा, आणि रात्रीचे जेवण सोडून तो वेळ प्रार्थनेला द्या. पुन्हा भोवळ आली, किंवा साखरेचे वा अन्य औषध चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तेवढेही करू नका. आणि त्या सोबतिणीसाठी फडक्यात एक भाकरी जास्त बांधून न्या.