सोलापूरची लेक आणि समुद्रतळाची केमिस्ट्री

ताई नमस्कार, पत्र वाचलं. लेक बीएस्सी केमिस्ट्रीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, समुद्रतळाच्या गरम झऱ्यांवर रिसर्च करायचं म्हणते, आणि घरचे म्हणतायत सोलापुरात बसून समुद्राचं काय घेऊन बसलीस, नोकरी कोण देणार.

आधी हे सांगते की पोरीनं विषय फार चांगला धरलाय. समुद्राचा तळ जिथं फाटत जातो तिथं पाणी भेगांतून खाली मुरतं, मॅग्माच्या, म्हणजे खालच्या वितळलेल्या खडकाच्या, उष्णतेनं तापतं आणि तळाच्या बसाल्ट खडकाशी रिअ‍ॅक्शन होते, म्हणजे पाण्यातलं मॅग्नेशियम जवळजवळ सगळं खडकात जातं, सल्फेटही बरंचसं खालीच बसतं, आणि बदल्यात लोखंड, मँगनीज, तांबं, जस्त पाण्यात उतरतं. मग तेच पाणी 350 डिग्रीच्या आसपास तापून वर येतं, दाब इतका की उकळत नाही, आणि बाहेरच्या 2 डिग्रीच्या गार पाण्यात शिरलं की धातूंचे सल्फाइड, म्हणजे गंधकाशी झालेली संयुगं, लगेच बारीक कण होऊन काळा धूर सुटल्यासारखं दिसतं. नद्या कधीपासून मॅग्नेशियम आणून ओततायत तरी समुद्रात ते साठत का जात नाही, याचं मोठं कारण हे. 1977 ला पॅसिफिक महासागरात गॅलापागोस बेटांजवळ समुद्रतळाचे गरम झरे प्रत्यक्ष दिसले तेव्हा कुठं हा हिशोब नीट लागायला लागला. आणि बसाल्ट म्हणजे आपल्याकडं विहीर खणताना लागतो त्याच जातीचा काळा दगड, त्यामुळं अर्धा विषय तर तिच्या पायाखालीच आहे बघा.

आता नोकरीचं. कायमच्या जागा कमी आहेत, पीएचडीला पाचेक वर्षं जातात, हे घरात स्पष्ट बोलून घ्या. पण नेट-जेआरएफ, म्हणजे संशोधनाच्या फेलोशिपची परीक्षा, निघाली तर महिन्याला 37,000 फेलोशिप मिळते, तेवढ्यावर तिचं तिला भागतं. गोव्यात एनआयओ (समुद्रविज्ञानाची राष्ट्रीय संस्था) आणि ध्रुवीय संशोधन केंद्र आहे, चेन्नईत एनआयओटी (सागरी तंत्रज्ञानाची राष्ट्रीय संस्था) आहे, आणि 2024 च्या डिसेंबरमध्ये आपल्याच शास्त्रज्ञांनी हिंदी महासागरात 4,500 मीटर खोल चालू झऱ्याचे फोटो घेतलेत, म्हणजे काम इथंच चाललंय. एमएस्सीसाठी कोचीनचं कुसाट विद्यापीठ बघा, तिथं केमिकल ओशनोग्राफीचा, म्हणजे समुद्राच्या केमिस्ट्रीचा, वेगळा विभागच आहे, गोवा विद्यापीठही बघा. समजा नाहीच जमलं तरी पाण्यातले धातू मोजायचं मशीन ज्याला चालवता येतं त्याला भूजलाच्या, औषध कंपन्यांच्या लॅबमध्ये विचारतात.

तिला आत्ताच अ‍ॅनालिटिकल केमिस्ट्री, म्हणजे कशात काय किती आहे ते मोजायची केमिस्ट्री, पक्की करायला सांगा, आणि आपल्या विद्यापीठाच्या भूशास्त्र संकुलात जाऊन उन्हाळ्यात एखादा छोटा प्रोजेक्ट मिळतो का हे तिनं स्वतः विचारावं, तुम्ही नको. दुसऱ्या वर्षाचे मार्क आणि सोबतचे विषय मला कळवा, मग कुठली एन्ट्रन्स द्यायची ते ठरवू.