चाल छान वाटते, पण लक्षात राहत नाही

पत्र : माझा मुलगा बारावी सायन्सला आहे. हार्मोनियम वाजवतो, गांधर्व मंडळाची मध्यमा परीक्षा पूर्ण झाली आहे. दोन वर्षांपासून स्वतःच्या गाण्यांना चाली लावतो. ऐकणारे 'छान' म्हणतात, पण दुसऱ्या दिवशी कुणाला चाल आठवत नाही, आणि हे त्याचं त्यालाच खटकतं. इंजिनिअरिंग नको, संगीत दिग्दर्शनच शिकायचं म्हणतो. चाल लावणं शिकून येतं का? शिवाय महागडा कीबोर्ड मागतोय. घ्यावा का? — एक आई, नाशिक

ताई, नमस्कार.

चाल सुचणं कुणी शिकवू शकत नाही. पण सुचलेल्या तुकड्यातून मुखडा, म्हणजे गाण्याची पुन्हा पुन्हा येणारी पहिली ओळ, घडवण्याचं काम बऱ्यापैकी कारागिरीचं आहे आणि ते शिकता येतं. आपली चाल लोकांना आठवत नाही हे मुलाने स्वतःहून ओळखलं, ही जमेची बाजू समजा. बरेच जण 'छान'वर खूश होऊन थांबतात.

मध्यमापर्यंत शिकलेल्या मुलांच्या चालीत सहसा दोन गोष्टी आडव्या येतात. पहिली सवयीची. ख्यालात, म्हणजे शास्त्रीय गायनात, तोच स्वरसमूह पुन्हा पुन्हा घेतला तर गुरुजी रागावतात, म्हणून मुलं गाण्याच्या प्रत्येक ओळीत सजावटीची नवी जागा, नवी मुरकी टाकतात. गाण्याचा मुखडा मात्र पुनरावृत्तीवर उभा असतो. दुसरी गोष्ट हार्मोनियमची. पेटीवर बोटं ठेवून चाल शोधली की बोटांना सवयीचे पलटेच (सरावाचे स्वरक्रम) बाहेर येतात, आणि ते गळ्याला सोपे असतीलच असं नाही. म्हणून आधी पेटी बंद ठेवून, टाळी देत ओळ नुसती म्हणायची. लय ठरली की गुणगुणायचं आणि स्वर शेवटी पेटीवर तपासायचे.

एक ओळ घेऊन दाखवतो, म्हणजे त्याला लगेच करून बघता येईल : 'दारात सांज आली, कोणी दिवा न लावी'. प्रत्येक अर्ध्या ओळीत सात अक्षरं आणि बारा मात्रा आहेत (ऱ्हस्व अक्षराची एक, दीर्घाच्या दोन : दा २, रा २, त १, सां २, ज १, आ २, ली २). कवितेच्या या साच्याला आनंदकंद वृत्त म्हणतात. बारा मात्रा म्हणजे दादरा या सहा मात्रांच्या तालाची दोन आवर्तनं (फेरे), तेव्हा नवशिका 'दा' थेट समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर टाकतो. मग काय होतं? 'सां' सहाव्या मात्रेवर सुरू होतो आणि पुढची सम त्याच्या मधोमध पडते. तबल्याचा 'धा' वाजतो, पण त्या क्षणी गाणाऱ्याच्या तोंडून नवं अक्षर निघत नाही. ऐकणाऱ्याला नेमकी चूक सांगता येत नाही, पण ओळ निसटल्यासारखी वाटते.

आता 'दा' आधीच्या आवर्तनाच्या पाचव्या-सहाव्या मात्रेवर घ्या आणि 'रा' समेवर. मग 'त' तिसरीवर, 'सां' चौथीवर, 'ज' सहावीवर आणि 'आली'चा 'आ' बरोबर पुढच्या समेवर येतो. 'ली' तिसऱ्या-चौथ्या मात्रेवर संपते. पाचवी-सहावी रिकामी राहते, तिथे 'कोणी'चा 'को' बसतो. सगळी ओळ आपोआप फिरू लागते.

स्वर भूपातले घेऊ, संध्याकाळ सरतानाचा राग आहे. पहिल्या अर्ध्याला : सा ग रे ग प ध प. दुसऱ्या अर्ध्याला : सा ग रे प ग रे सा. एका अक्षराला एक स्वर. दोन्हींचे पहिले तीन स्वर तेच, लय तीच, बदलतो तो फक्त शेवट. पहिला अर्धा पंचमावर (प) थांबून काहीतरी बाकी ठेवतो, दुसरा षड्जावर (सा) येऊन ते पुरं करतो. सगळ्यात वरचा स्वर, धैवत (ध), एकदाच येतो आणि तोही 'आली'वर, समेवर. मुखडा सा ते ध एवढ्यातच आहे, त्यामुळे न शिकलेला माणूसही तो म्हणू शकतो. अशी ओळ थोर होईल असं नाही, पण चार वेळा ऐकल्यावर तोंडात बसेल. हरकती घ्यायच्याच तर मग, आणि मुखडा दुसऱ्यांदा येईल तेव्हा.

एक पथ्य कडक पाळायला सांगा : ऱ्हस्व अक्षर ओढायचं नाही. 'दिवा'तला 'दि' लांबवला की 'दीवा' होतो. 'न' लांबवला की 'ना' होतो आणि अर्थच डळमळतो.

अंतऱ्यात, म्हणजे मुखड्यानंतरच्या कडव्यात, चूक निराळी असते. मुखड्यातच तार (वरचं) सप्तक गाठलं तर अंतऱ्याला वर जायला जागा उरत नाही. अंतरा तार षड्जापर्यंत नेला तरी त्याची शेवटची ओळ, जिला वादक क्रॉस लाईन म्हणतात, उतरत येऊन मुखड्याचा पहिला स्वर हातात द्यायला हवी. ती ओळ नीट नसली की मुखडा दर वेळी चिकटवल्यासारखा ऐकू येतो.

सराव आठवड्याला दोन गोष्टींचा पुरे. एका आवडत्या गाण्याचा मुखडा ऐकून सरगम लिहायची. कितव्या मात्रेपासून उठतो, सगळ्यात वरचा स्वर कोणत्या शब्दावर आहे, काय पुन्हा येतं, याच्या खुणा करायच्या. आणि परक्या शब्दांना तीन निरनिराळ्या चाली लावायच्या. स्वतःच्या गाण्यात चाल अडली की मुलं शब्द बदलून मोकळी होतात, परक्या कवितेत ती पळवाट नसते. मोठ्या अभंगापासून सुरुवात करावी. पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, चौथा चारच अक्षरांचा, तेव्हा त्या चौथ्या चरणात उरलेली जागा कशी भरायची हा चांगला धडा आहे. पुढे केशवसुत, बालकवी. यांच्या कवितांवर आता कॉपीराइट नाही, त्यामुळे चाल प्रसिद्ध करायलाही अडचण नाही. हयात कवी किंवा निधनाला साठ वर्षं न झालेला कवी असेल, तर प्रसिद्ध करण्याआधी परवानगी लागते.

तिन्ही चाली फोनवर रेकॉर्ड करून ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी न ऐकता गाऊन बघायच्या. जी स्वतःलाच आठवत नाही ती रद्द. उरलेली तुम्हाला दोनदा ऐकवू दे. तासाभराने तुम्ही ती कुठे चुकीची गुणगुणता ते त्याने टिपावं. तुमची चूकच बहुतेक वेळा मूळ चालीपेक्षा सोपी वाट दाखवते.

आता करिअरचं. बारावीनंतर लगेच सगळं सोडायची गरज मला दिसत नाही. सीईटी देऊ द्या, पण कॉलेज निवडताना तिथे नाटकाचा ग्रुप आणि युवा महोत्सवाची तयारी जोरात असते का ते बघा. एकांकिकेला संगीत देणं हे फुकटचं आणि फार कडक शिक्षण आहे, कारण दिग्दर्शक पडद्यामागून येऊन 'हे नको' म्हणतो आणि रात्रीत दुसरं हवं असतं. पूर्णवेळ संगीतच करायचं ठरलं, तर पुण्यात सावित्रीबाई फुले विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे. पाश्चात्त्य संगीत आणि संगीत तंत्रज्ञानासाठी चेन्नईचं केएम म्युझिक कॉन्झर्व्हेटरी आहे. चाल लावण्याचा सराव मात्र दोन्हीकडे त्याचा त्यालाच करावा लागेल. मिळकत सुरुवातीला जिंगल, मालिकांची शीर्षकगीतं, भक्तिगीतं, शाळांची गीतं अशा कामांतून तुकड्या-तुकड्यांत येते. म्हणून शिकवणी किंवा संगीत संयोजनाची (अरेंजमेंटची) जोड लागतेच.

पहिलं काम मिळालं की 'सगळे हक्क कायमचे' असं लिहिलेल्या कागदावर घाईने सही करू नये. 2012 च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर सिनेमातल्या गाण्याच्या संगीतकाराला आणि गीतकाराला रॉयल्टीतला आपला वाटा सोडून देता येत नाही. तो वसूल करण्यासाठी आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं सभासद होता येतं.

कीबोर्ड यंदा नको. तयार रिदम आणि स्ट्रिंग्जचा आवाज लागला की कच्ची चालही भरलेली वाटते, आणि सध्या त्याला तिचा कच्चेपणाच ऐकू यायला हवा. पेटी, फोन आणि तबल्याचं एखादं अ‍ॅप वर्षभर पुरेल. वर्षाअखेरीस दहा मुखडे जमले, की अरेंजमेंट शिकण्यासाठी एकसष्ट पट्ट्यांचा, संगणकाला जोडायचा साधा मिडी कीबोर्ड घ्या, तो बराच स्वस्तात येतो.