मताला पत्ता हवा

प्रिय लेकी,
अनेक आशीर्वाद.

अद्भुत पिक्चर आणि गेमवर तू बोललीस ती अकरा मिनिटांची फाइल दोनदा ऐकली. बोलण्यात जीव आहे. आपली उदगीरकडची बोली तशीच ठेवलीस, ‘ड्रॅगन उडायलाय’ असं बिनधास्त म्हटलंस, हे फार बरं केलंस. ते बदलू नको. पण त्या अकरा मिनिटांत ‘लई भारी’ सात वेळा आलं, ‘ग्राफिक्स जबरदस्त’ चार वेळा आणि ‘स्टोरी स्लो’ तीन वेळा. ऐकणाऱ्याला एवढंच कळलं की तुला पिक्चर आवडला आणि मधे कुठंतरी कंटाळा आला. कुठं? कितव्या मिनिटाला? तेव्हा पडद्यावर काय चाललं होतं? तुझं मत खरं असेल, पण त्याला पत्ता नाही. ऐकणारा त्या जागेवर जाऊन स्वतः बघू शकला, तरच तो तुझ्याशी भांडेल किंवा तुझं ऐकेल.

पहिल्यांदा बघताना वही घेऊन बसू नको. खोलीतला दिवा बंद कर आणि सरळ पिक्चर बघ. फक्त लक्ष सुटलं, हात मोबाइलकडे गेला, की त्या क्षणाचं मिनिट कागदावर टिपून ठेव. कारण लिहू नको. दोन-अडीच तासांत असे पाच-सहा आकडे पडतील. दुसऱ्या दिवशी पूर्ण पिक्चर परत बघायची गरज नाही. प्रत्येक आकड्याच्या आधीची चार मिनिटं आणि नंतरचं एक, एवढंच बघ. कंटाळ्याचं कारण बहुतेक वेळा कंटाळा आला त्याच्या आधीच घडलेलं असतं.

तो तुकडा एकदा आवाज बंद करून बघ. नुसत्या चित्रावरून कोण कुणाला घाबरतंय, कुणाला काय हवंय हे कळत नसेल, तर सगळा भार संवादावर टाकलाय. मग डोळे मिटून नुसता ऐक. संगीत तुला रडायला सांगतंय आणि प्रसंगात रडण्यासारखं काही नाही, हे कानाला लगेच कळतं. लढाई असेल तर वाटीत चिंचोके घे आणि एका मिनिटात दृश्य जितक्या वेळा तुटेल तितके बाजूला काढ. तीस चिंचोके निघाले म्हणजे सरासरी दोन सेकंदांना एक कट. तेवढ्या वेळात कोण कुठं उभा आहे हे डोळ्याला लागत नाही, आणि मग आपण म्हणतो, ‘फाइट समजली नाही.’ असं न म्हणता आकडा सांग. बारा चिंचोक्यांची लढाई शेजारी ठेव, फरक आपोआप दिसेल.

‘स्टोरी स्लो’ हे शब्द मात्र सहा महिने वापरूच नको. अद्भुत पिक्चरात संथपणाचं कारण बहुधा एकच असतं: जादूचे नियम कुणीतरी म्हातारा बसून सांगतो आणि तेवढा वेळ कुणालाच काही करायचं नसतं. ‘तुंबाड’ (२०१८) याच कारणासाठी परत बघ. गर्भगृहात उतरायचं, पिठाचं रिंगण आखायचं, हस्तर या शापित देवापुढं कणकेची बाहुली टाकायची आणि तो ती खाण्यात गुंतला की त्याच्या लंगोटातून मोहरा ओढायच्या. हे नियम आपल्याला कळतात ते हातांच्या हालचालीतून आणि प्रत्येक नियमाला जिवाची भीती चिकटलेली असते. शिवाय पीठ, दोरी, कंदील, सगळं घरातलं. अशी जादू पटते, कारण तिची किंमत ठरलेली आहे. कुठल्याही अद्भुत पिक्चरबद्दल बोलताना हाच प्रश्न आधी विचार: इथं जादू कुणाला काय भावात पडते? फुकट पडत असेल, तर शेवटच्या लढाईत कितीही विजा कडाडल्या तरी काळजात काही हलत नाही.

आता ‘ग्राफिक्स’. हा शब्द पोतं आहे, त्यात काहीही भरता येतं. पोतं सोडून आतला माल दाखव. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये (२००१ ते २००३) हॉबिट नावाची माणसं बुटकी दिसतात ती बऱ्याच ठिकाणी संगणकानं नव्हे. घोडागाडीत जादूगार गँडाल्फ आणि हॉबिट फ्रोडो शेजारी बसलेत असं वाटतं. प्रत्यक्षात फ्रोडोचं काम करणारा नट काही फूट मागं बसवलाय आणि कॅमेरा अशा कोनात लावलाय की ते अंतर दिसू नये. लांबचं माणूस लहान दिसतं, एवढीच ती युक्ती. म्हणून अशा दृश्यांत दोघांच्या नजरा कशा जुळवल्यात आणि ते एकमेकांना कधी हात लावतात का, ते बघ. पुढं ‘द हॉबिट’ (२०१२) त्रिमितीत चित्रित झाला. त्रिमितीला दोन डोळ्यांसारखी दोन भिंगं लागतात आणि त्यात मागं बसलेला माणूस मागंच दिसतो, म्हणजे जुनी युक्ती बाद. मग गँडाल्फ झालेल्या इयान मॅककेलन यांना पुष्कळ दृश्यांत हिरव्या पडद्यापुढं एकट्यानं काम करावं लागलं. एका तांत्रिक निर्णयानं नटाच्या समोरचा माणूसच काढून घेतला. ‘पहिल्यासारखी मजा नाही’ असं तू त्या पिक्चरबद्दल म्हणालीस, त्याचं हे एक खरं कारण असू शकतं, आणि ते दाखवता येतं.

त्याच पिक्चरचं दुसरं कारण वेगाचं आहे. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींनी, म्हणजे २४ स्थिर चित्रांनी चालतो. ‘द हॉबिट’ ४८ चौकटींनी काढला आणि तशी सोय असलेल्या थिएटरांत अनेकांना तो मालिकेसारखा, सेटवर उभं राहून बघतोय असा वाटला. पण तू घरी बघितलंस, आणि तुला सगळेच पिक्चर मालिकेसारखे दिसत असतील तर दोष टीव्हीचा आहे. नवे टीव्ही दोन चौकटींच्या मधे स्वतःच्या मनानं आणखी चौकटी घुसवतात. सेटिंगमध्ये चित्राच्या भागात ‘मोशन’ नावाचं जे काही असेल ते बंद कर. मोबाइलवर डेटा सेव्हर लावून अंधाराची दृश्यं कधीही जोखू नको. नेट कमी पडलं की ॲप चित्रातली माहिती कापतं, आणि काळोखातल्या बारीक छटा सगळ्यात आधी जातात. उरतात ते चौकोनी डाग. ‘गेम ऑफ थ्रोन्स’चा आठव्या पर्वातला तिसरा भाग (२०१९) काहीच दिसत नाही म्हणून जगभर गाजला. छायाचित्रकाराचं म्हणणं होतं की चित्रण बरोबर आहे, घरपोच येताना ते दाबलं गेलं आणि लोकांचे टीव्ही नीट लावलेले नव्हते. त्यात दोन्ही बाजूंना थोडं सत्य आहे असं मला वाटतं, पण निदान आपल्या बाजूचा दोष आपण आधी काढून टाकावा. डबिंगचंही तेच. हिंदी आवाजावर बघितलं असेल तर नटाच्या आवाजाबद्दल बोलू नको. तो आवाज दुसऱ्याचा आहे.

गेमच्या बाबतीत आपल्या भागात आणखी एक अडचण आहे, ती म्हणजे ऊन. एप्रिलात पारा बेचाळीसवर, पत्र्याची खोली, फोन चार्जरला लावलेला आणि वर जाड कव्हर. वीस मिनिटांत फोन तापतो, आणि जळू नये म्हणून प्रोसेसर स्वतःच सावकाश चालायला लागतो. सेकंदाला ६० चौकटी असताना प्रत्येक चौकट साधारण १७ मिलिसेकंद टिकते. ३० वर आली की ३३. बोट दाबलं आणि तलवार उशिरा फिरली, असं वाटतं ते त्यामुळं. तू त्या गेमला ‘कंट्रोल घाण आहेत’ म्हटलंस. आधी पहाटे पाचला तोच भाग खेळून बघ: कव्हर काढून, चार्जर काढून, उजेड निम्म्यावर. तेव्हाही तलवार अडखळली तर दोष गेमचा. मत सांगताना फोन कुठला, अवघडपणाची पातळी कुठली आणि किती तास खेळलीस, हे पहिल्या अर्ध्या मिनिटात सांगून टाक.

गेममधली लेव्हल चांगली की वाईट, हे ओळखायला एक आलेखवही आण. तासभर खेळ, गेम बंद कर आणि आठवणीतून नकाशा काढ. दारं, जिने, वळणं. नकाशा निघाला तर ती जागा खरोखर रचलेली आहे. नाही निघाला तर तू जागेत फिरलीच नाहीस, पडद्याच्या कोपऱ्यात वाट दाखवणाऱ्या बाणामागं चाललीस. हे शिकायला दौलताबादसारखी शाळा नाही. एक दिवस काढून वही घेऊन जा. दरवाजे सरळ रेषेत का नाहीत? हत्तीला धाव घ्यायला जागा मिळू नये म्हणून. दारांवर अणकुचीदार खिळे का? तो हत्ती डोकं लावेल म्हणून. पुढं खडकात खोदलेला खंदक, त्यावर अरुंद वाट आणि मग अंधारी: उजेडातून आत शिरलेल्या शत्रूचे डोळे निकामी, पायाखालच्या पायऱ्या अनोळखी, आणि वाट पुढं कुठं फुटते हे फक्त आतल्याला ठाऊक. प्रत्येक अडचण आधीच्या अडचणीवर रचलेली आहे. आता ‘डार्क सोल्स’ (२०११) हा गेम काढ. तासभर जीव मुठीत धरून तू पुढं जातेस, एका पाळण्यात बसून खाली उतरतेस, आणि पोचतेस ती सुरुवातीच्याच शेकोटीजवळ. तिथं जो आनंद होतो तो नकाशा डोक्यात जुळल्याचा असतो. बाण दाखवणाऱ्या गेमला तो कधीच देता येत नाही, मग त्याचं जग कितीही मोठं असो.

आपल्या माणसांच्या कामाला सवलत देऊ नको. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं ‘राजी’ (२०२०) हा गेम काढला. त्यातल्या सावल्यांच्या बाहुल्यांनी सांगितलेल्या गोष्टी सुंदर आहेत आणि रंग डोळ्यांत राहतात. पण गोष्ट ऐन भरात असताना तुटते आणि मारामारीत कॅमेरा लांब असल्यानं अंतराचा अंदाज चुकतो. दोन्ही सांग. कौतुकाला जेवढा पुरावा देतेस तेवढाच तक्रारीला दे.

आणि ‘हे सगळं आपल्याकडूनच चोरलंय’ हे वाक्य, जे तू नवव्या मिनिटाला घाईत उरकलंस. तिथं थांबायला हवं होतं, कारण तिथं खरा माल होता. पैठण आपल्या मराठवाड्यातलंच. गुणाढ्याची आख्यायिका तिथलीच: सातवाहन राजानं पैशाची भाषेतली बृहत्कथा नाकारली, तेव्हा त्यानं रानात पशुपक्ष्यांना वाचून दाखवत सात लाख श्लोकांतले सहा लाख जाळले. त्याच परंपरेतल्या सोमदेवाच्या कथासरित्सागरात, अकराव्या शतकात, वेताळाच्या पंचवीस गोष्टी आहेत, आणि त्यातला राजा गोदावरीकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे पैठणचाच. राजा बोलला की वेताळ परत झाडावर. पुन्हा मसणात जा, पुन्हा खांद्यावर घे. ‘डार्क सोल्स’मध्ये मेलं की शेकोटीपाशी परत येण्याशी हे ताडून बघ. फरकही सांग: राजाला प्रत्येक फेरीत नवी गोष्ट मिळते, तुला तोच रस्ता मिळतो, राजा उत्तर बरोबर देतो म्हणून मागं जातो, तू चुकतेस म्हणून. सारखेपणा म्हणजे चोरी नव्हे. पण एवढी तुलना नीट केलीस तर पाच मिनिटं सहज भरतील आणि ती फक्त तुझीच असतील.

रेकॉर्डिंगबद्दल थोडंसं. कूलर बंद कर, त्याची घरघर संपूर्ण फाइलभर आहे. भिंतीला आणि टेबलावर गोधडी टाक. फोन तोंडापासून एक वीत, पण किंचित बाजूला, म्हणजे ‘प’ आणि ‘भ’ची हवा थेट आदळणार नाही. सुरुवातीला दहा सेकंद गप्प राहा. नंतर खरखर काढताना ती शांतता उपयोगी पडते. सहा मिनिटांना साधारण सातशे शब्द पुरतात. पूर्ण लिहून वाचू नको, नुसते पत्ते लिहून समोर ठेव. शेवट फोडणार असशील तर ते आधी सांग, आणि किती मिनिटं पुढं जायचं तेही.

पुढच्या खेपेला पूर्ण पिक्चर नको. एकच प्रसंग घे, चार मिनिटांचा. चिंचोके किती निघाले, आवाज बंद केल्यावर काय दिसलं आणि जादूची किंमत कुणी दिली, एवढं सांग. फाइलबरोबर वहीच्या त्या पानाचा फोटोही पाठव. खाडाखोड असली तरी चालेल.

तुझे
सर