न घेतलेला प्रसाद आणि न मोजलेले आकडे

समुपदेशनासाठी माझ्याकडे येणारे ख्रिस्ती तरुण एक प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारतात. जिथे आपल्या श्रद्धेची टिंगल होते किंवा तिच्याकडे संशयाने पाहिले जाते, तिथे रोज आठ-दहा तास काम करताना देवाशी एकनिष्ठ राहायचे तरी कसे? गप्प बसावे तर येशूचा शिष्य पेत्र याने भीतीपोटी केले तसे आपणही प्रभूला नाकारले असे वाटत राहते आणि बोलावे तर वाद होतो, नोकरीवर बेतते. या प्रश्नाला सर्वांना लागू पडेल असे उत्तर माझ्याजवळ नाही. मात्र एका तरुणाबरोबर काही महिने केलेले काम मला या संदर्भात पुन्हा पुन्हा आठवते. त्याच्या संमतीने ते येथे लिहीत आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

तो 29 वर्षांचा. मूळ गाव अहिल्यानगर जिल्ह्यात, घरी तीन पिढ्यांची ख्रिस्ती श्रद्धा, पत्नी परिचारिका. चाकणच्या औद्योगिक वसाहतीत मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात तो क्वालिटी विभागात होता. झोप लागत नाही, छातीत जळजळते आणि कामावर जायची वेळ झाली की पोटात गोळा येतो, या तक्रारींसाठी त्याने आधी डॉक्टर गाठले होते. तपासण्यांत काही निघाले नाही, तेव्हा डॉक्टरांनीच त्याला समुपदेशनाचा सल्ला दिला.

त्रास खंडेनवमीपासून सुरू झाला, असे त्याने पहिल्याच भेटीत सांगितले. त्या दिवशी कारखान्यात यंत्रांची पूजा होती. पूजा सुरू होण्याआधी तो पार्किंगमध्ये जाऊन बसला आणि तासाभराने परतला. सुपरवायझरने विचारले, तेव्हा "पोट बिघडले होते" असे त्याने सांगितले. दुपारी कॅन्टीनमधल्या मावशींनी त्याच्यासाठी आठवणीने बाजूला ठेवलेला प्रसाद आणून दिला. तो त्याने हातात घेतला आणि त्या वळताच कचऱ्याच्या डब्यात टाकला. मावशींनी ते पाहिले. दुसऱ्या दिवसापासून कुजबुज सुरू झाली. "तुमच्या लोकांना महिन्याला किती मिळतात?" असे एकाने सर्वांसमोर विचारले, तर दुसरा त्याला 'फादर' म्हणून हाक मारू लागला. आडनावावरून आणि गावावरून त्याची जात काढण्याचा प्रयत्नही झाला, आणि ती जखम अधिक जुनी व अधिक खोल होती.

येथे एक गोष्ट मला स्पष्ट सांगितली पाहिजे. त्याला झालेला त्रास खरा होता. "तुम्हीच मनाला लावून घेता" असे म्हणून त्याची बोळवण करणे हा अन्याय झाला असता. परंतु पूजा होणे आणि छळ होणे या दोन गोष्टी त्याच्या मनात एकच झाल्या होत्या, आणि त्या वेगळ्या केल्याशिवाय आम्हाला पुढे जाता येणार नव्हते. सहकारी आपल्या यंत्राला हळदकुंकू वाहतात, ते त्यांच्या श्रद्धेने. त्यात त्याच्याविरुद्ध काहीही नसते. जातीवरून टोमणा मारणे हे मात्र त्याच्याविरुद्धच होते.

दुसऱ्या भेटीत माझ्याकडून घाई झाली. त्याचे अपराधीपण हलके व्हावे म्हणून मी त्याला बायबलमधील नामानाची गोष्ट सांगितली. अरामाचा हा सेनापती इस्राएलाच्या देवाचा उपासक झाल्यावर अलीशा संदेष्ट्याला विचारतो की, माझा धनी रिम्मोन या अरामी देवाच्या मंदिरात माझ्या हाताचा आधार घेऊन नमन करील तेव्हा मलाही वाकावे लागेल, याची देव मला क्षमा करील ना? त्यावर अलीशा त्याला दटावत नाही, शांतीने जा एवढेच म्हणतो. माझ्या मते शास्त्रातील अत्यंत कनवाळू उत्तरांपैकी हे एक आहे. पण त्याने ते वेगळेच ऐकले. "म्हणजे मी आरतीला उभा राहिलो असतो तरी चालले असते, असे तुमचे म्हणणे आहे का, मॅडम?" त्याचा स्वर दुखावलेला होता. जो माणूस आपल्या निष्ठेबद्दल तळमळत आहे, त्याच्या हाती आधी सवलत ठेवली तर त्याला वाटते की आपली तळमळच कोणी ओळखली नाही. मी त्याची क्षमा मागितली आणि त्या भेटीत उरलेला वेळ केवळ ऐकले.

तिसऱ्या भेटीत मी त्याला एका साध्या कामाच्या दिवसाचे वर्णन करायला सांगितले: गेटवर पंच केल्यापासून बाहेर पडेपर्यंत कोण भेटते, काय बोलणे होते, कुठल्या क्षणी पोटात गोळा येतो. पूजेचा दिवस वर्षातून एकदा येतो आणि गोळा मात्र रोज येतो, हे मला खटकत होते. सांगता सांगता तो महिनाअखेरीच्या धांदलीपर्यंत आला. माल ग्राहकाकडे जाण्यापूर्वी ठरलेल्या नगांची मापे घेऊन इन्स्पेक्शन रिपोर्टमध्ये लिहायची असतात. गाडी दारात उभी असताना तेवढा वेळ नसतो, म्हणून दोन-तीन नग मोजायचे आणि उरलेली रीडिंग 'बसवायची', म्हणजे मर्यादेत बसतील असे आकडे अंदाजाने लिहून सही करायची. "सगळेच करतात," असे म्हणून तो थांबला आणि बराच वेळ बोलला नाही. त्यानंतर म्हणाला, "मी दोन वर्षे करतोय."

माझ्या समजुतीप्रमाणे त्याच्या आजाराचे मूळ इथे होते, जरी त्याने स्वतः ते खंडेनवमीच्या दिवशी शोधले होते. श्रद्धेची सीमा त्याने प्रसादाच्या वाटीपाशी आखली होती, तिथे तो अतिशय कडक होता, आणि त्या कडकपणाची किंमत कॅन्टीनमधल्या मावशींनी मोजली. रोजच्या सहीपाशी त्याने सीमा आखलीच नव्हती. त्यात भर म्हणजे पूजा टाळण्यासाठी त्याने जे वापरले तेही असत्यच होते. मी हे त्याला अशा शब्दांत सांगितले नाही. बायबलमधील दानीएलाच्या पुस्तकाचे पहिले आणि सहावे अध्याय वाचून, यरुशलेमहून बाबेलात बंदिवान म्हणून नेलेल्या त्या माणसाने तिथे काय काय स्वीकारले आणि काय नाकारले याची वहीत नोंद करून आणा, एवढेच सांगितले.

पुढच्या भेटीत त्याने वही उघडली तेव्हा स्वीकारलेल्या गोष्टींचा रकाना मोठा होता, आणि त्याचेच त्याला आश्चर्य वाटत होते. दानीएल खास्द्यांची, म्हणजे बाबेलच्या लोकांची, भाषा आणि विद्या शिकला. ज्या राजाने यरुशलेम जिंकले त्याची चाकरी त्याने केली. त्याला बेल्टशस्सर हे नाव देण्यात आले, आणि चौथ्या अध्यायात खुद्द राजा नबुखद्नेस्सर म्हणतो की ते नाव माझ्या देवाच्या नावावरून आहे. तेही दानीएलाने सहन केले. नाकारले ते राजाच्या ताटातले अन्न आणि द्राक्षारस. तो नकारही पार्किंगमध्ये लपून दिलेला नव्हता. त्याने अधिकाऱ्याकडे विनंती केली. राजाने तुमचे चेहरे उतरलेले पाहिले तर माझे शिर जाईल, ही त्या अधिकाऱ्याची भीती त्याने ऐकून घेतली, आणि मग कारभाऱ्यापुढे दहा दिवस शाकभाजी व पाणी देऊन पाहा असा प्रस्ताव ठेवला. समोरच्याच्या अडचणीचा विचार करून दिलेला असा नकार आमच्या मंडळ्यांतील तरुणांना क्वचितच शिकवला जातो, याची मला खंत वाटते. प्रार्थना न सोडल्याबद्दल दानीएलाला जिथे टाकले ती सिंहांची गुहा आम्ही त्यांना सांगतो, दहा दिवसांची विनंती सांगत नाही.

सहाव्या अध्यायातील एका वाक्याखाली त्याने दोनदा रेघ ओढली होती. दानीएलाचे वैरी त्याच्या राज्यकारभारात दोष शोधतात, तो सापडत नाही, आणि म्हणून शेवटी त्यांना त्याच्या देवाच्या उपासनेवरच घाला घालावा लागतो. "माझ्या रिपोर्टमध्ये कोणालाही दोष सापडेल," तो म्हणाला. यानंतर आमचे बोलणे पूजेवरून कामावर वळले, आणि ते त्याने वळवले.

रविवारची उपासना चुकते, हेही एक शल्य होते. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, त्यामुळे आपण देवाचा दिवस मोडतो असे त्याला वाटे. त्याला मी बिथुनिया या रोमी प्रांताविषयी सांगितले. पेत्राने आपले पहिले पत्र ज्या प्रांतांतील 'परदेशी व प्रवासी' लोकांना लिहिले त्यांत हा प्रांत आहे. तिथला रोमी सुभेदार प्लिनी याने इ.स. 112 च्या सुमारास सम्राट त्राजानाला लिहिलेले पत्र आजही उपलब्ध आहे. ख्रिस्ती लोकांचे काय करावे, असे तो त्यात विचारतो आणि चौकशीत काय निघाले ते कळवतो: हे लोक एका ठरलेल्या दिवशी पहाट होण्यापूर्वी जमतात, ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र गातात, आणि चोरी करणार नाही, व्यभिचार करणार नाही, शब्द मोडणार नाही, विश्वासाने ठेवलेली ठेव नाकारणार नाही अशी शपथ घेतात. रविवार त्या साम्राज्यात सुट्टीचा दिवस नव्हता. दिवस उजाडला की ज्याला त्याला कामावर जावे लागे. ज्या लोकांना केवळ या श्रद्धेसाठी देहान्त होऊ शकत होता, ते अंधारात जमून शपथ घेत ती सचोटीची. हे ऐकून त्याने पत्र पुन्हा सांगायला लावले.

त्यानंतरच्या आठवड्यांत त्याने तीन गोष्टी केल्या. पहिली सर्वांत अवघड ठरेल असे त्याला वाटत होते, पण ती सोपी ठरली. तो मावशींकडे गेला, प्रसाद टाकल्याबद्दल त्यांची क्षमा मागितली आणि आपण तो का घेत नाही हे दोन वाक्यांत सांगितले. त्या म्हणाल्या, "अरे, मग आधी सांगायचंस ना. मी तुला नुसता चहा आणला असता." प्रसाद घ्यावा की नाही याबाबत ख्रिस्ती लोकांत एकमत नाही, करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात प्रेषित पौलाने मूर्तीला वाहिलेल्या अन्नाच्या निमित्ताने त्यावर तीन अध्याय खर्च केले आहेत आणि निर्णय करताना दुसऱ्याच्या विवेकाचा विचार करायला लावले आहे. त्याने न घेण्याचे ठरवले. मी तो निर्णय त्याचाच राहू दिला.

दुसरी गोष्ट म्हणजे त्याने सुपरवायझरला एकांतात गाठून पोटदुखीची थाप कबूल केली, आणि पुढच्या खंडेनवमीला यंत्रे धुण्या-पुसण्यात आपण सर्वांबरोबर असू, पूजेच्या वेळी मात्र डिस्पॅचचे गेट आपण सांभाळू म्हणजे तिथल्या माणसाला पूजेला बसता येईल, असे सुचवले. जातीवरून बोलणाऱ्याला त्याने तोंडावर, आवाज न चढवता, हे पुन्हा झाले तर लेखी तक्रार करीन असे सांगितले. श्रद्धेसाठी टोमणे सोसणे आणि जातीचा अपमान सोसणे एकच नव्हे, आणि दुसरे सोसण्याला मी ख्रिस्ती नम्रता म्हणत नाही.

तिसरी गोष्ट आकड्यांची. यापुढे मोजलेलेच लिहीन, हे त्याने वरिष्ठांना सांगितले. पण त्याबरोबर एका लाइनवर दहा दिवस पूर्ण मोजमाप करून किती वेळ लागतो ते दाखवतो, असा प्रस्तावही ठेवला. दानीएलाचे दहा दिवस त्याने जाणूनबुजून उचलले होते. त्यातून असे दिसले की दोन लाइनींना मिळून एकच गेज, म्हणजे मापे घेण्याचे साधन, होते आणि बहुतेक वेळ त्याची वाट पाहण्यात जात होता. दुसरे गेज आले. तरीही महिनाअखेरीचा दबाव संपला नाही, एकदा त्याने सही नाकारल्यामुळे गाडी चार तास थांबली, आणि वर्षअखेरीस त्याची पगारवाढ इतरांहून कमी झाली. त्याला सलग रात्रपाळी लावण्यात आली. कारण कोणी सांगितले नाही. मी हे लिहीत आहे, कारण निष्ठेने वागले की बढती मिळते अशी आशा मी कोणाला देऊ इच्छित नाही. दानीएलाचे तीन मित्र तर राजाला सांगतात की देवाने आम्हाला सोडवले नाही तरीही आम्ही तुझ्या मूर्तीला नमन करणार नाही.

त्या रात्रपाळीच्या दिवसांत तो एकदा फार खचून आला होता. तेव्हा आम्ही ख्रिस्ती श्रद्धा स्वीकारलेल्या पंडिता रमाबाईंविषयी बोललो. 1890 मध्ये विधवा व मुलींसाठी त्यांनी काढलेले शारदा सदन मुंबईहून पुण्यात आले. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत, दार उघडे असे, आणि सदनातील काही मुली आपण होऊन तिथे येऊन बसू लागल्या. 1893 मध्ये यावरून पुण्यात वादळ उठले, हितचिंतक सल्लागारांनी अंग काढून घेतले, अनेक पालकांनी मुली नेल्या. पालकांची भीती मला समजते. मुलींचा धर्म बदलेल या शंकेने त्या काळातील कोणतेही घर हादरले असते. तरीही रमाबाईंनी दार लावून घेतले नाही, आणि कोणाला हाताला धरून आतही ओढले नाही. "दानीएलाची खिडकी," तो आपणहून म्हणाला. राजाखेरीज कोणाचीही प्रार्थना करू नये असे फर्मान निघाल्यावरही दानीएल यरुशलेमेकडच्या खिडक्या उघड्या ठेवून 'पूर्वीप्रमाणे' दिवसातून तीनदा प्रार्थना करीत राहिला, आणि बाबेलात येऊन तेव्हा त्याला साठाहून अधिक वर्षे झाली होती. त्या दिवशी आम्ही दोघे त्या 'पूर्वीप्रमाणे' या शब्दाशी बराच वेळ थांबलो.

आता त्याला झोप लागते, जरी ती दिवसा घ्यावी लागते. जळजळ कमी आहे, पूर्ण गेलेली नाही. दुसरी नोकरी तो शोधतो आहे. मुलाखतीत पगाराआधी, तुमच्याकडे एका लाइनला किती गेज आहेत, हे विचारायचे असे त्याने ठरवले आहे. सकाळी साडेसातला तो घरी पोहोचतो तेव्हा पत्नी ड्यूटीवर निघायच्या घाईत असते. दोघांना मिळून दहा मिनिटे मिळतात. पूर्वी ते त्या वेळी दार लोटून, आवाज खाली ठेवून प्रार्थना करीत, शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. हल्ली गॅलरीकडचे दार उघडे असते आणि ते नेहमीच्या आवाजात स्तोत्र म्हणतात.