कापूर हलव, देव नको

अगं मुली,

तुझे तिन्ही व्हॉइस मेसेज ऐकले, बैठकीच्या खोलीचे फोटोही बघितले. चाइल्डमाइंडर, म्हणजे स्वतःच्या घरी दुसऱ्यांची मुलं सांभाळणारी, म्हणून नोंदणी व्हायची तर ऑफस्टेडची, म्हणजे इंग्लंडमधल्या शाळा-पाळणाघरं तपासणाऱ्या सरकारी खात्याची, इन्स्पेक्टर घरी येणार, म्हणून ही सगळी धावपळ. देवघर माळ्यावर टाकायचं, फोडणीचा वास नको म्हणून आदल्या दिवसापासून सँडविचवर राहायचं, भिंतीवर इंग्रजी अक्षरांचे तक्ते लावायचे. आणि एवढं करून वर विचारतेस, "काकू, अजून काय करू?" अजून काही नको, आधी हे थांबव.

ऑफस्टेडची बाई घर बघायला येते हे अर्धंच खरं. परक्याचं पोर दिवसभर या घरात, या बाईच्या हाती सोडता येईल का, आणि आपण काय करतोय हे या बाईला कळतं का, हे तिला बघायचं असतं. लग्न जमवायला पाहुणे येतात तसा घाट घातलास तर तिला पहिल्या पाच मिनिटांत कळेल. रोज असली घरं बघते ती.

तू विकत घेतलेला तो तयार पॉलिसींचा गठ्ठा चाळला. एका पानावर दुसऱ्याच कुणाच्या नर्सरीचं नाव तसंच राहिलंय. दर आठवड्याला फायर ड्रिल, प्रत्येक खेळणं रोज निर्जंतुक, असं तू त्यात लिहून देते आहेस. करशील? स्वतःचा दोन वर्षांचा मुलगा, वर दुसऱ्यांची दोन, आणि तू रोज संध्याकाळी एकेक ठोकळा पुसत बसणार? जे करणार नाहीस ते लिहू नकोस. ईवायएफएसची, म्हणजे लहान मुलांच्या संगोपन-शिक्षणाच्या सरकारी नियमांची, चाइल्डमाइंडरांसाठी वेगळी प्रत जानेवारी 2024 पासून आली आहे, ती तरी नीट वाच. चाइल्डमाइंडरने पॉलिसी लेखी ठेवायलाच हव्यात असं नाही, पण पालकांना आणि इन्स्पेक्टरला त्या समजावून सांगता आल्या पाहिजेत, असं त्यात स्पष्ट आहे. हजेरी, अपघात आणि औषधांची नोंद मात्र लेखीच हवी, त्यात सूट नाही. म्हणजे पैसे घालवलेस ते नको तिथे.

आता देवघर. देव आहेत तिथे राहू देत, कापूर हलव. कापराची वडी पांढरी, साखरेसारखी दिसते. लहान मुलाने थोडा जरी गिळला तरी झटके येऊ शकतात. काडेपेटी, तेलाची बाटली, उदबत्त्या, सगळं वरच्या कपाटात, कुलपात. समई मुलं यायच्या आधी किंवा गेल्यावर. हे इन्स्पेक्टरला दाखव आणि याच शब्दांत सांग. माझ्या नोंदणीच्या वेळी मी माझ्या इन्स्पेक्टरला हेच सांगितलं होतं. देवघर असल्याचं तिला काही वाटलं नाही, कापूर कुठे ठेवतेस एवढं मात्र तिने विचारलं.

तसंच स्वयंपाकघर. आपल्याकडे दाण्याचं कूट कशात नसतं? खिचडीत, कोशिंबिरीत, वांग्याच्या भाजीत. शेंगदाणा इथल्या चौदा अॅलर्जींच्या यादीत आहे, आणि अख्खे दाणे पाच वर्षांखालच्या मुलाला द्यायचेच नाहीत, घशात अडकतात. तेव्हा "हेल्दी बॅलन्स्ड मील्स" असलं काही सांगत बसू नकोस. मुलं असताना कुटाचा डबा बाहेर निघत नाही, द्राक्षं उभी चिरून चार फोडी करते, वर्षाखालच्या बाळाला मध देत नाही, हे सांग. पण खरंच तसं करणार असशील तरच. जे करणार नाहीस ते बोलू नकोस.

सासूबाई सहा महिन्यांसाठी येणार, त्यांचं काय, असं तू हळूच शेवटी विचारलंस. सर्वांत आधी विचारायला हवं होतंस. सहा महिने राहणारी सासू ऑफस्टेडच्या लेखी पाहुणी नसते. घरात राहणाऱ्या सोळा वर्षांवरच्या प्रत्येकाची डीबीएस, म्हणजे गुन्हेगारी नोंदीची, तपासणी लागते. तू स्वतः पाच वर्षांच्या आत पुण्याहून आलीस, म्हणून तुझं तिकडचं पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेटही मागतील, ते आत्ताच काढायला घे. सासूबाईंचं येणं ऑफस्टेडला आधीच कळव आणि त्यांची तपासणी होईपर्यंत एकही मूल त्यांच्यापाशी एकटं सोडू नकोस, अगदी तू बाथरूमला गेलीस तरी. त्यांच्या बीपीच्या गोळ्या उशाखाली नकोत, हेही पहिल्याच दिवशी सांग. राग येईल. येऊ दे.

रागावरून आठवलं. आपल्यातल्याच एका कुटुंबाचं बाळ माझ्याकडे होतं. वडील सकाळी खोकल्याचं औषध देऊन म्हणाले, "दुपारी एक चमचा द्या, ताई." मी म्हटलं, इथे सही करा. ते म्हणाले, "अहो, आपलीच माणसं आपण, सही कशाला?" नियम असा की प्रत्येक औषधाला पालकांची लेखी परवानगी हवी, मग ते दुकानातून आणलेलं असो की डॉक्टरांनी दिलेलं. मी औषध ठेवून घेतलं नाही. महिन्याच्या आत त्यांनी बाळ काढून नेलं, अजूनही गणपतीत समोर आले की मान फिरवतात. थोडं गोडीत घेता आलं असतं असं यजमान म्हणतात. म्हणू देत. पालकांना पहिल्या भेटीत जे वाचून दाखवलं तेच मी केलं. "सही घेते" म्हणायचं आणि ओळखीच्या माणसापुढे पेन खाली ठेवायचं, हे माझ्याच्याने होत नाही.

आता इन्स्पेक्टर विचारते त्या प्रश्नाबद्दल, जो ऐकून तू फोनवर तडकलीस. "तुमच्या नवऱ्यावर एखाद्या पालकाने आरोप केला तर काय कराल?" तू म्हणालीस, "हा काय प्रश्न झाला, ते तसे नाहीत!" अगं, ती तुझ्या नवऱ्याचं चारित्र्य विचारत नाहीये. तेव्हा तू बायको म्हणून वागशील की चाइल्डमाइंडर म्हणून, एवढंच तिला हवंय. उत्तर सरळ आहे: त्याच दिवशी कौन्सिलच्या लाडोला, म्हणजे अशा आरोपांसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याला, फोन. ऑफस्टेडला लवकरात लवकर, चौदा दिवसांच्या आत. मुलाची उलटतपासणी नाही, घरात चौकशी नाही, काय ऐकलं ते तारीख-वेळेसह लिहायचं. फेब्रुवारी 2000 मध्ये व्हिक्टोरिया क्लिंबिए ही आठ वर्षांची मुलगी इथे लंडनमध्ये छळ होऊन गेली. लॉर्ड लॅमिंग यांच्या 2003 च्या अहवालात पानापानावर तेच आहे: समाजसेवा खातं, पोलीस, डॉक्टर, सगळ्यांनी तिला पाहिलं होतं, प्रत्येकापाशी काही ना काही माहिती होती, पण ती एकत्र जोडून कुणी वेळेत पाऊल उचललं नाही. तो प्रश्न तिथून येतो.

आणि याची दुसरी बाजूही तिला सांग, ती तुला तिच्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. आपल्या बाळांच्या कमरेवर, ढुंगणावर निळसर डाग असतात. नवख्या डोळ्यांना ते मारल्याच्या वळासारखे दिसतात. बाळ पहिल्या दिवशी आलं की आईसमोर ते बघायचे, कुठे आणि केवढे ते लिहायचे, आईची सही घ्यायची, लाल पुस्तकात, म्हणजे बाळाच्या आरोग्याच्या वहीत, नोंद आहे का ते विचारायचं. नंतर नवा डाग दिसला तर तो नवा आहे हे तुला छातीठोक सांगता येईल.

आकड्यांचा गोंधळ मात्र नको. आठ वर्षांखालची एकूण सहा, त्यांतली पाचखालची तीन, त्यांतलं वर्षाखालचं एक. तुझा मुलगा यात धरला जातो, म्हणजे पाचखालच्या दोनच जागा उरतात. अपवाद आहेत, पण व्हिजिटला नियम सांग. आणि ईवायएफएसमधली शिकण्याची सात क्षेत्रं पाढ्यांसारखी म्हणू नकोस. पावसाच्या दिवशी दीड वर्षाच्या मुलाबरोबर काय करशील, असं विचारलं तर परातीत थोडं पाणी, दोन वाट्या आणि डाव देईन, समोर बसून "भरली", "सांडली", "अजून हवं?" म्हणेन, असं सांग. भाषा, गणित, हातांची पकड, सगळं त्यात आलं. ते मराठीत म्हटलंस तरी बिघडत नाही. घरची भाषा खेळात वापरायला वाव द्या, असं ईवायएफएसच म्हणतं. इंग्रजीची भीती सोड. 999 ला, म्हणजे इथल्या आणीबाणीच्या नंबरला, फोन करता येतो, अपघाताची नोंद लिहिता येते, पालकांशी बोलता येतं, तेवढं पुरे.

"एम.कॉम. होऊन दुसऱ्यांची पोरं सांभाळणार?" असं तुझी आत्या म्हणाली म्हणे. मलाही म्हणाले होते, आणि त्या एका वाक्यापायी माझी उमेदीची वर्षं गेली. ती गेलेली मला आजही सलतात. त्यामुळे आत्याला काय उत्तर द्यायचं हे मला विचारू नकोस, माझ्या तोंडून बरं काही निघणार नाही.

गठ्ठा फाडून टाक. एका वहीत, तुझ्या अक्षरात, मराठीत लिहिलंस तरी चालेल: आग लागली तर मी कुठल्या दाराने, कुणाला कडेवर घेऊन, कुणाचा हात धरून बाहेर पडेन, आणि त्या दाराची किल्ली कुठे असते. तुझी किल्ली पर्समध्ये असते, मी पाहिलंय. दाराजवळ उंचावर एक खिळा ठोक.

अर्थात भिंत घरमालकाची आहे. घरात मुलं सांभाळायला त्याची लेखी परवानगी आली का? महिनाभर तू "विचारते, विचारते" करतेस. उद्या फोन कर, आणि तो काय म्हणाला ते मला रात्री कळव.

काकू